मीटर उतरवण्याआधी

प्रश्न : माझी गाडी फ्युएल इंजेक्शनची, एबीएस असलेली. स्टँडवरून पडली आणि डिजिटल मीटरची काच तडकली. त्या निमित्ताने ते काढून जुन्या धाटणीची, काट्याची दोन गोल मीटर बसवायचा विचार आहे. एक वेगाचं, एक आरपीएमचं, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचं. ओळखीचे एक जण म्हणतात, बारा व्होल्ट, अर्थ आणि सेन्सरची वायर जोडली की झालं. खरंच एवढं सोपं आहे का?

उत्तर : केबलच्या काळात होतं. चाकाकडून फिरत येणारी केबल मीटरमधलं लोहचुंबक फिरवायची, त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची छोटी वाटी वळायला बघायची आणि बारीक स्प्रिंग तिला मागे खेचायची. त्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल, तो वेग. इंजिनाला त्या मीटरची खबरही नसायची, त्यामुळे ते काढलं काय आणि ठेवलं काय, गाडी चालायची.

तुमच्या गाडीत मात्र वेगाची स्वतंत्र वायर मीटरपर्यंत येतच नसेल, अशी दाट शक्यता आहे. चाकांवरचे सेन्सर एबीएस युनिटला, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जॅम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, जोडलेले असतात. ते युनिट वेग काढून आकडा कॅन बसवर सोडतं. कॅन बस म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा. बॉशने १९८६ मध्ये ही पद्धत मोटारींसाठी मांडली आणि पुढे ती दुचाकींत आली. इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, त्याच तारांवर आरपीएम आणि तापमान टाकतो. मीटर हे सगळं वाचतं, आणि स्वतःही बोलतं. रायडिंग मोड बदलणं, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करणं, सर्व्हिसची आठवण पुसणं ही कामं बऱ्याच गाड्यांत मीटरमधूनच होतात. काही गाड्यांत तर चावीतली चिप ओळखणारा इमोबिलायझर मीटरच्या पोटातच असतो. अशा गाडीचं मीटर काढलंत की इंजिन सुरूच होणार नाही.

म्हणून नवीन मीटर पसंत करण्याआधी तुमच्याच मॉडेलचा वायरिंग डायग्राम मिळवा आणि मीटरच्या कपलरमधली, म्हणजे तारांच्या जोडातली, एकेक पिन वाचून काढा. कॅनच्या तारा जिथे संपतात तिथे दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, आणि काही गाड्यांत त्यातला एक मीटरच्या आत बसवलेला असतो. हे घरी तपासता येतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि स्कॅनर लावायच्या डायग्नोस्टिक कपलरवर कॅनच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. साधारण ६० ओहम दिसायला हवेत. आता मीटरचा कपलर काढून पुन्हा बघा. आकडा १२० वर गेला, तर एक रेझिस्टर मीटरमध्ये होता. मीटर हटवल्यावर तो जागेवर परत दिला नाही, तर संदेश विस्कटू लागतात आणि एबीएसपासून इंजिनापर्यंत कुठेही भलतेच फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाचे सांकेतिक क्रमांक, उमटतात. यू०१५५ हा कोड दिसला, तर मीटरशी संपर्क तुटला अशी गाडीची तक्रार आहे.

मला खरी काळजी दिव्यांची वाटते. लोक वेग आणि आरपीएमचा विचार करतात, दिवे विसरतात. ऑइल प्रेशर, एबीएस, इंजिन चेक, कूलंटचं तापमान, हाय बीम, इंडिकेटर, न्यूट्रल. ऑइल प्रेशर गेल्याचा दिवा दिसला नाही, तर इंजिनाचे बेअरिंग खराब व्हायला फार वेळ लागत नाही. एबीएसचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि गाडी थोडी चालली की विझतो. ती त्याची स्वतःची तपासणी असते. तो दिवाच नसेल, तर एबीएस बंद पडल्याचं तुम्हाला ओल्या रस्त्यावर, ब्रेक दाबल्यावर कळेल. हे दिवे सोडून केलेलं काम मी कोणाच्याही गाडीवर करणार नाही. त्यातही न्यूट्रल आणि ऑइल प्रेशरचे स्विच बहुतेक वेळा अर्थच्या बाजूला असतात, म्हणजे स्विच दिव्याला अर्थ देतो. उलट जोडलेला एलईडी लागतच नाही, आणि न लागलेला दिवा बघून सगळं ठीक आहे असा समज होतो.

माझा सल्ला : फक्त वरची काच तडकली असेल आणि आतला डिस्प्ले शाबूत असेल, तर काचच बदलून घ्या. कडेचं सील नीट बसवा, नाहीतर आत वाफ धरेल. काट्याची हौस असेलच, तर तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेला कॅन वाचणारा अडॅप्टर मिळतो का ते बघा. तो नसेल, तर मूळ मीटर जोडलेलंच ठेवून, दिसेल अशा जागी थोडं सरकवून, शेजारी काट्याचं मीटर स्वतंत्र सेन्सरवर चालवा. सगळ्यात निर्धोक मार्ग हाच. मूळ हार्नेस, म्हणजे गाडीच्या तारांचा जुडगा, कापू नका. जुळणारे कपलर घेऊन मधली वायरिंग बनवा. तारेच्या टोकाचं टर्मिनल सोल्डर न करता पकडीने दाबून क्रिम्प करा, कारण हँडलजवळच्या कंपनाने सोल्डरच्या कडेला तार तुटते.

प्रश्न : त्याच मॉडेलचं वापरलेलं मीटर घेतलं. कपलर बसला, स्क्रीन लागली, पण चावीचा दिवा लुकलुकतो आणि इंजिन सुरू होत नाही. किलोमीटरही दुसऱ्याच गाडीचे दिसतात.

उत्तर : मीटर चांगलं आहे, ते तुमच्या चावीला ओळखत नाही. ही जोडणी अधिकृत स्कॅनरने करावी लागते, आणि काही गाड्यांत वापरलेलं मीटर दुसऱ्या गाडीशी जोडताच येत नाही. विक्रेत्याशी परतीचं बोलणं आत्ताच करा. किलोमीटर बहुतेक मीटरच्या स्वतःच्या मेमरीत असतात, म्हणून जुन्या गाडीचे आकडे आले. ते कोणाकडून परस्पर ‘सेट’ करून घेऊ नका, अनेक देशांत तो गुन्हा आहे. जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्याचा फोटो काढा, बदलाची तारीख आणि दोन्ही आकडे सर्व्हिस बुकात लिहा आणि गाडी विकताना समोरच्याला दाखवा.

प्रश्न : बाजारातलं, कोणत्याही गाडीला बसणारं डिजिटल मीटर बसवलं. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवल्यावर, १४०० आरपीएम हवेत तिथे ७०० दाखवतं, आणि वेग जीपीएसपेक्षा कमी दिसतो.

उत्तर : आरपीएमचा दोष सेटिंगचा आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात काही गाड्या प्रत्येक फेरीला ठिणगी देतात, काही दोन फेऱ्यांत एकदाच. तुमची दुसऱ्या प्रकारची दिसते आणि मीटर पहिल्या प्रकारावर ठेवलंय. एका फेरीला किती पल्स, म्हणजे सिग्नलचे ठोके, मोजायचे ते सेटिंग बदला. सिग्नलची वायर मात्र मीटरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जागीच जोडा. कॉइलच्या प्रायमरी बाजूला ठिणगीच्या क्षणी ३००-४०० व्होल्ट उसळतात आणि चुकीच्या पिनवर गेले तर मीटर संपलं.

वेग कमी दिसणं धोक्याचं आहे. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये, थोडं जास्त दाखवलं तर चालतं, असं संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा वाहन नियम सांगतो. आधी चाकाचा घेर तपासा. १२०/७०-१७ टायरचा घेर हिशेबाने सुमारे १.८८ मीटर येतो, १८०/५५-१७ चा १.९८. सेन्सर मागच्या चाकावर आणि घेर पुढच्या चाकाचा भरलात, तर वेग पाच टक्क्यांनी कमी दिसेल. हिशेबापेक्षा मोजलेलं बरं : टायरवर खडूची खूण करा, हवा योग्य दाबाची ठेवा, कोणाला तरी सीटवर बसवून गाडी सरळ ढकला आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने घ्या. तो आकडा भरूनही फरक राहिला, तर चाकाच्या एका फेरीला किती पल्स हे सेटिंग आणि सेन्सरसमोरची लोहचुंबकं मोजून बघा. एखादं गळून पडलेलं असू शकतं.