मयताच्या मालमत्तेचा निपटारा लांबला तर

प्रश्न : वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. ठाणे जिल्हा न्यायालयाने मला लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (मयताची मालमत्ता सांभाळून, देणी फेडून वाटण्याचं न्यायालयाचं अधिकारपत्र) देऊन चौदा महिने झाले. मालमत्तेची यादी वेळेत दिली, पण वडिलांच्या धंद्यातल्या भागीदाराकडचं येणं अजून वसूल व्हायचंय, म्हणून हिशेब राहिला. बँकेतले साहेब म्हणतात, वर्ष संपलं, तुमचा अधिकार गेला. तो वाढवून कसा घ्यायचा? – नौपाडा, ठाणे

उत्तर : अधिकार गेलेला नाही. हुकमातच मुदत किंवा अट घातली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून हुकूम आधी नीट वाचा. एरवी काम पुरं होईपर्यंत किंवा न्यायालय रद्द करेपर्यंत प्रशासक, म्हणजे लेटर्स मिळालेला माणूस, हा प्रशासकच असतो. तुमची संपलीय ती हिशेब देण्याची मुदत. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३१७ प्रमाणे लेटर्स मिळाल्यापासून सहा महिन्यांत यादी आणि एका वर्षात हिशेब द्यायचा असतो, किंवा न्यायालय वाढवून देईल त्या मुदतीत. तेव्हा अर्ज करायचा तो मुदतवाढीचा, त्याच न्यायालयात आणि मूळ प्रकरणाचा क्रमांक घालून. मुदत उलटल्यावरही तो करता येतो, फक्त उशिराचं कारण पटवावं लागतं.

‘अपरिहार्य कारणामुळे विलंब झाला’ हे वाक्य अशा अर्जात हमखास असतं आणि त्याचा काडीचाही उपयोग नसतो. काय जमा झालं, कोणती देणी फेडली, नेमकं काय अडलंय, त्यासाठी तुम्ही काय केलं आणि किती महिने हवेत, हे रकमा व तारखांसह लिहा. भागीदाराला पाठवलेली नोटीस, पोचपावती, दावा लावला असेल तर त्याचा क्रमांक, बँकेचा उतारा, असं सगळं प्रतिज्ञापत्रासोबत जोडा. बाकीच्या वारसांची ना-हरकत मिळाली तर सोनं. माझा आग्रह असा की आजवरचा हिशेब तिथेच जोडून टाकावा. कारण नसताना जाणूनबुजून हिशेब न देणं, हे कलम २६३ खाली लेटर्स रद्द होण्याचं कारण आहे. नाराज भावंडांपैकी कुणी तेच शोधत असतं. तुमच्यासाठी न्यायालयाला दिलेल्या हमीपत्रावर (बाँडवर) सह्या केलेले जामीनदारही त्यात अडकतात.

आणखी एक. पैसे देताना क्रम पाळा : आधी अंत्यविधीचा व शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग न्यायालयीन खर्च, मग नोकरचाकरांचा मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतला थकलेला पगार, त्यानंतर इतर देणी, आणि वाटणी सर्वांत शेवटी. वाटणी आधी उरकली आणि मागाहून आयकराची मागणी आली तर ती वारसांकडून गोळा करत फिरणं तुमच्या नशिबी येतं. वाटप पूर्ण होईपर्यंत मालमत्तेच्या उत्पन्नाचं विवरणपत्रही प्रशासकानेच भरायचं असतं.

मुदतवाढीच्या हुकमाची प्रमाणित प्रत बँकेला द्या. तोंडी समजावण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न : बहिणीने मृत्युपत्राने सगळं मुलाच्या नावे केलं. तो अज्ञान म्हणून तो सज्ञान होईपर्यंत लेटर्स मला मिळाली. भाचा गेल्या महिन्यात १८ वर्षांचा झाला, पण शेअर्स अजून बहिणीच्याच नावावर आहेत. मुदत वाढेल का? – वाशी

उत्तर : नाही. इथे अधिकारच वयाला बांधलेला होता, तो त्या वाढदिवशी संपला. तुम्ही आधी केलेले व्यवहार कायम राहतात, पण त्यानंतरची एकही सही करू नका. चेक, ट्रान्सफर फॉर्म, काहीही नाही. उरलेल्या मालमत्तेसाठी कलम २६० खाली भाच्याने स्वतःच्या नावे नव्याने अर्ज करावा. मृत्युपत्रात कार्यवाह (मृत्युपत्र अमलात आणणारा) म्हणून त्याचंच नाव असेल तर तो प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब, मागेल. तुमच्याकडचे कागद आणि हिशेब त्याला यादी करून, पोच घेऊन द्या.

प्रश्न : सक्सेशन सर्टिफिकेट (मयताची येणी आणि रोखे मिळवण्यासाठीचा न्यायालयाचा दाखला) मिळाल्यावर आईच्या कपाटात आणखी दोन कंपन्यांचे कागदी शेअर्स सापडले. सगळं पहिल्यापासून करायचं? – खारघर

उत्तर : गरज नाही. कलम ३७६ प्रमाणे सर्टिफिकेटधारकाच्या अर्जावर न्यायाधीश त्यात राहून गेलेली येणी किंवा रोखे वाढवून देतात आणि ते पहिल्यापासूनच लिहिलेले असल्यासारखे धरले जातात. अर्ज मूळ न्यायालयातच करायचा. नवी मुंबई म्हटलं तरी ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर रायगडात, तेव्हा आपला हुकूम कुठला ते पाहा. वाढीव रकमेवरचं न्यायालयीन शुल्क अर्जासोबतच भरावं लागतं. फोलिओ नंबर, शेअर्सची संख्या आणि आईचं नाव शेअर सर्टिफिकेटवर आहे तस्संच लिहा. एक अक्षर चुकलं तरी कंपनीच्या शेअर्सची नोंद ठेवणारा रजिस्ट्रार कागद परत पाठवतो.

अर्जाआधी आणखी शोध घ्या, नाहीतर हा खेळ पुन्हा होईल. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर शेअर्स आयईपीएफकडे (न घेतलेले लाभांश व शेअर्स जिथे जमा होतात त्या सरकारी निधीकडे) गेलेले असू शकतात. बँकांतल्या बेवारस ठेवी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधता येतात. घराचा मात्र या सर्टिफिकेटशी संबंध नाही. ते फक्त येणी आणि रोख्यांपुरतं असतं.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ प्रशासक होतो, थोरला गेला. आता मी एकट्याने काम पाहू शकतो का? – कळवा

उत्तर : हुकमात वेगळं काही नसेल तर कलम ३१२ ने सगळे अधिकार तुमच्याकडे आले. भावाच्या मृत्यूचा दाखला न्यायालयात दाखल करून ठेवा. त्याची मुलं त्याच्या जागी आपोआप प्रशासक होत नाहीत.

प्रश्न : मी प्रशासक आहे. नेरुळचा फ्लॅट विकून पैसे वाटून टाकले की काम संपेल ना? – नेरुळ

उत्तर : संपेल, पण आधी न्यायालयाची परवानगी घ्या. कलम ३०७ प्रमाणे प्रशासकाला स्थावर मालमत्ता विकायला, गहाण टाकायला किंवा पाच वर्षांहून जास्त काळ भाडेपट्ट्याने द्यायला पूर्वपरवानगी लागते. ती न घेता केलेली विक्री हितसंबंधी माणूस रद्द करून घेऊ शकतो. अर्जाला मूल्यांकन अहवाल आणि ठरलेल्या सौद्याचा मसुदा जोडा. टोकन मात्र परवानगीच्या अटीवरच घ्या. घर सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल तर सिडकोची नोंद आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरची नोंद ही दोन वेगळी कामं आहेत. परवानगी येईपर्यंत घर अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर द्यायला या कलमाची आडकाठी नाही; येणारं भाडं तेवढं हिशेबात दाखवा.