१२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही मूळ संख्या आहे का? हाताने तपासता येते का?

हो, मूळ आहे. पण निव्वळ हाताने सिद्ध करायला बसू नका, कारण खाली येतंच.

मी नागपूरला शिकवण्या घेतो आणि याच संख्येने मला एकदा भर वर्गात तोंडावर पाडलंय. मे महिन्यातली बॅच, कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून शिकवणं चाललेलं. संख्या फळ्यावर लिहिली आणि ठोकून दिलं, "वीस अंकी, उलटसुलट सारखीच, म्हणजे ११ ने भाग जाणारच." नियम खरा आहे. अंकांची एकूण संख्या सम असली आणि संख्या दोन्हीकडून सारखी वाचता आली, तर ११ ने भाग जातोच. ४५५४ घ्या, ११ गुणिले ४१४. पण मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, उलटी वाचली तर मधात ०१ येते नं!"

झिरो माइलच्या गावात राहून मधलं शून्य दिसू नये, बाप्पा! ११ च्या कसोटीत (एकेक अंक आळीपाळीने अधिक-उणे करायचा) बाकी सगळे अंक जोडीजोडीने कटतात, मधले १ आणि ० तेवढे कटत नाहीत. बाकी उरते १. ते १० काढून टाकलं तर उरलेली १२३४५६७८९८७६५४३२१ बरोबर १११११११११ चा वर्ग; ३, ३७ आणि ३३३६६७ हे तिचे मूळ अवयव.

हाताने करण्यासारखं एवढं: उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने अधिक-उणे करा. ३२१ − ६५४ + ९८७ − ९१० + ६७८ − ३४५ + १२ = ८९. याला ७, ११, १३ कशानेच भाग जात नाही, म्हणून आपल्या वीस अंकी संख्येलाही नाही. अंकांची बेरीज ९१, तेव्हा ३ सुद्धा बाद.

यापुढे मात्र वर्गमूळापर्यंत, म्हणजे ३५१ कोटींच्या पुढपर्यंत, सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. त्या सोळा-सतरा कोटी भरतात. सेकंदाला एक धरली तरी न झोपता पाच वर्षं! म्हणून संगणक असं एकेकीने भागत बसतच नाही. फर्माच्या नियमाने २ चा प्रचंड घात काढून, त्याला आपल्या संख्येने भागल्यावर बाकी १ येते का बघायचं. वर्ग करत गेलं की चौसष्टेक पायऱ्यांत काम होतं. एवढ्यावर भरवसा ठेवू नका, ३४१ (११ गुणिले ३१) ही चाचणी बिनदिक्कत पास होते. मिलर-राबिन चाचणी याहून कडक. आपली संख्या २ च्या ६४ व्या घातापेक्षा लहान आहे, आणि तिथवर २ ते ३७ या बारा मूळ संख्या पाया (म्हणजे ज्यांचा घात काढायचा त्या) म्हणून घेऊन ती चाचणी केली की निकाल पक्का, शंकेला जागा नाही. पायथॉन या संगणक-भाषेत डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर नको, तो शेवटचे अंक गिळतो.

आता मधे ११ घालून १२३४५६७८९१०१११०९८७६५४३२१ करा आणि तेच गट पाडा. १८९ येतील, आणि १८९ ला ७ ने भाग जातो.