कीटकशास्त्र घेऊ की वनस्पती पैदासशास्त्र?

प्रश्न: मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. किडीला स्वतः तोंड देणाऱ्या जाती तयार करायच्या आहेत. पदव्युत्तरला कोणता विषय घेऊ? घरचे म्हणतात, कीटकनाशकं असताना या कामाला भवितव्य काय?

उत्तर: जात तयार करायची आहे ना, मग पैदासशास्त्र घे. संकर, निवड आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी ठेवायची सवय तिथेच लागते. प्रबंध मात्र असा निवड की कीड तुला स्वतः पाळावी लागेल. शेतात कीड दरवर्षी सारखी येत नाही आणि ज्याच्यावर ती फिरकलीच नाही असा वाणही प्रतिकारक वाटतो. म्हणून जाळीघरात मोजून किडे सोडायचे आणि शेजारी तुलनेसाठी हमखास बळी पडणारी जात लावायची.

रोप वाचलं, एवढ्यावर थांबू नकोस. पानावरच्या लवेमुळे मादीने अंडी घालायचं टाळलं का? पान खाऊनही अळी खुरटली का, जशी मक्यातल्या डिंबोआ या रसायनाने खुरटते? की कीड पोसूनही रोपाने उत्पन्न दिलं? मला हा तिसरा गुण, म्हणजे सहनशीलता, फार मोलाचा वाटतो. त्यात किडीला मारलं जात नाही, त्यामुळे तिच्यावर बदलण्याचा दबावही कमी येतो.

हा दबाव काय करतो ते भातात दिसलं. तपकिरी तुडतुडा या रस शोषणाऱ्या किडीला प्रतिकारक असलेली आयआर २६ ही जात १९७३ मध्ये आली. काही वर्षांतच तिच्यावर पोसणारे तुडतुडे तयार झाले आणि वेगळं जनुक असलेली आयआर ३६ आणावी लागली. घरच्यांना हे जरूर सांग, कारण या कामाची गरज संपत नाही. शिवाय याच तुडतुड्यावर भलतं औषध फवारलं तर त्याला खाणारे कोळी मरतात आणि तो उलट जास्त वाढतो.

एक धोकाही लक्षात ठेव. अमेरिकेतली ‘लेनापे’ ही बटाट्याची जात १९७० मध्ये मागे घ्यावी लागली. तिच्या कंदात ग्लायकोअल्कलॉइड जास्त निघाले. बटाट्याचं झाड किडींपासून वाचायला हीच द्रव्यं वापरतं, पण ती माणसालाही बाधतात. वन्य वाणातून गुण आणताना खाणाऱ्याची तपासणी आधी.

पहिल्या संकरापासून जात शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत दहाएक वर्षं सहज जातात. तेवढा धीर असेल तर आत्तापासून संख्याशास्त्र पक्कं कर. प्रवेश घेण्याआधी मार्गदर्शकांना एवढंच विचार: तुमच्याकडे किडीची वसाहत वर्षभर जिवंत असते का?