अटारी या व्हिडिओ गेमवाल्या कंपनीचं हर्क्युलिस पिनबॉल मशीन 6,000 डॉलरला मिळतंय. एवढ्या जुन्या, अवाढव्य मशीनची किंमत कशी ठरवतात? घ्यावं का?

बेसमेंटचा जिना मोजलात का? वळणासकट?

तुमच्या गावातलं बोलिंग सेंटर बंद होतंय, मालक 6,000 मागतोय आणि ‘जगातलं सर्वांत मोठं पिनबॉल आहे, म्हणजे किंमत वाढतच जाणार ना?’ असं तुम्ही विचारलंय. नेमकं हेच वाक्य मी 2014 साली माझ्या साडूला ऐकवलं होतं. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून नुसतं पुढे सरकणं काही जमलं नाही.

आधी थोडं मागे जातो. मी डोंबिवलीचा. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी पंख्याखाली बसून बॅगाटेलच्या फळीवर खिळ्यांमधून छर्रे सोडण्यात बालपण गेलं. नोकरीसाठी शिकागोला आलो तेव्हा कळलं की गॉटलिब, बॅली, विल्यम्स या पिनबॉलच्या, म्हणजे बॅगाटेलच्या विजेवर चालणाऱ्या थोरल्या भावाच्या, तिन्ही मोठ्या कंपन्या याच शहरातल्या. म्हणजे आपण बॅगाटेलच्या पंढरीत येऊन राहिलोय आणि आपल्याला पत्ताच नाही. 2009 मध्ये एका गराज सेलमध्ये बॅलीचं पॅरागॉन मिळालं, 900 डॉलरला, बंद पडलेलं. 1979 चं मशीन, रुंद जातीचं. नेहमीच्या मशीनची खेळायची फळी सव्वावीस इंच रुंद असते, याची त्याहून पाच-सहा इंच जास्त. पॉल फॅरिस या चित्रकाराचं चित्र, चार फ्लिपर (बटण दाबलं की गोळी परत वर टोलवणाऱ्या दांड्या) आणि उजवीकडे एक असा खड्डा की गोळी तिकडे वळली की आपण नकळत कंबरेतून वाकतो.

का बंद होतं, तर त्या काळच्या बॅलीच्या बोर्डावर एक रिचार्ज होणारी बॅटरी सोल्डर करून बसवलेली असायची. तीस वर्षांत ती पाझरते आणि आजूबाजूचं सगळं खाते. बोर्डावर हिरवी-निळी बुरशी चढल्यासारखं दिसतं. मी व्हिनेगरने पुसून, सॉकेट उपसून, नवी बसवून, तुटलेले तांब्याचे माग तारेने जोडत साडेतीन महिने त्या बोर्डाशी झुंजलो. त्याआधी मी आयुष्यात सोल्डरिंगची कांडी धरली नव्हती. पहिल्यांदा दिवे लागले ती रात्र मला पहिल्या पगारापेक्षा जास्त आठवते. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी जे केलं त्याचा मूर्खपणा त्याशिवाय नीट कळायचा नाही.

2014 मध्ये इंडियानातलं एक बोलिंग सेंटर बंद होत होतं. तिथे हर्क्युलिस होतं. मालकाने 2,400 सांगितले. हाताशी तेवढे मोकळे नव्हते. मग मी पॅरागॉन विकलं. कोणाला? साडूला. अकराशेला. ‘तुझी नड आहे म्हणून घेतोय हं, मला काय करायचंय त्याचं,’ असं म्हणत त्याने ते नेलं. साडू अकाउंटंट आहे. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं नाही, चार वर्षांनी कळलं.

हर्क्युलिस तुम्ही पाहिलंच असेल, तरी आकडे सांगतो, कारण बोलिंग सेंटरच्या मोठ्या हॉलमध्ये डोळा फसतो. लांबी सुमारे 93 इंच, रुंदी 39, उंची 83. म्हणजे पावणेआठ फूट लांब, सव्वातीन फूट रुंद आणि जवळजवळ सात फूट उंच. आत पोलादी गोळी नाही, बिलियर्डच्या पांढऱ्या चेंडूएवढा चेंडू. 1979 मध्ये अटारीने काढलेलं हे शेवटचं पिनबॉल, त्यानंतर त्यांनी हा धंदाच सोडला. रुंद मशीनची हौस सुरू केली तीही अटारीनेच, 1976 च्या ‘द अटारियन्स’पासून. मग बॅली, विल्यम्स, गॉटलिब सगळे त्या वाटेला लागले आणि काही वर्षांत परतही फिरले. दुकानदाराचा हिशेब साधा होता. भिंतीलगत चार मशीन मावतात तिथे रुंद तीनच मावतात, आणि गल्ल्यात नाणं पडतं ते मशीनमागे, इंचामागे नाही.

भाड्याचा ट्रक, 310 डॉलर. मी, माझे तीन मित्र आणि त्यातल्या एकाचा कॉलेजातला दांडगा मुलगा. मागचा बॅकबॉक्स, म्हणजे गुण दाखवणारा उभा खोका, काढला, पाय काढले, ब्लँकेटं गुंडाळली. घरी आणलं आणि बेसमेंटच्या जिन्यापाशी थांबलो. खाली चौथ्या पायरीवर जिना वळतो. आडवं, उभं, कुशीवर, सगळं करून पाहिलं. तिसऱ्या प्रयत्नात भिंतीतून प्लास्टरचा पोपडा निघाला तेव्हा बायको वरून म्हणाली, ‘जिना मोजायला टेप लागते, ती घरात होती.’ बस, एवढंच. चौघांना पिझ्झा खाऊ घातला आणि हर्क्युलिस गराजमध्ये उभं राहिलं, दोन गाड्यांच्या जागी.

शिकागोचे चार हिवाळे. जानेवारीत सकाळी सहाला, शून्याखाली पंधरा तापमानात, बायको गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतेय आणि आत हर्क्युलिस ब्लँकेट पांघरून उभंय. पूर्वी सरदारांच्या दारात हत्ती झुलायचे म्हणतात. त्यांना निदान माहूत होता.

थंडीने मशीनचं काय होतं हे कोणी विक्रेता सांगत नाही. प्लायवूड फुगतं, पुन्हा आकसतं. कनेक्टरच्या पिनांवर दव धरतं आणि गंज चढतो. काचेच्या मागच्या बाजूने रंग छापलेले जुने बॅकग्लास तर गरम-थंड होऊन पापुद्रे सोडतात, आणि पडलेला रंग परत चिकटत नाही. दर मार्चमध्ये मी हर्क्युलिस चालू करायचो आणि दर मार्चमध्ये नवं काहीतरी मेलेलं असायचं. सुटे भाग? नेहमीच्या मशीनचा रबर, कॉइल, फ्लिपर आज ऑर्डर केला तर परवा दारात. याचं सगळंच आडमापाचं. चार वर्षांत 740 डॉलर भागांवर गेले आणि त्यातले दोन भाग मी ओळखीच्या एका मिस्त्रीकडून लेथवर करून घेतले.

आणि खेळायला कसं? सपक. सांगतोच स्पष्ट. चेंडू जड, फ्लिपर त्याला ढकलतो, फेकत नाही. चेंडू निवांत वर जातो, निवांत खाली येतो. तुम्ही मध्ये चहा पिऊ शकता. दिवाळीला माणसं यायची, ‘अरे बापरे’ म्हणायची, फोटो काढायची, एक डाव खेळायची आणि आत फराळाला जायची. दुसरा डाव मागितलेला माणूस मला आठवत नाही. त्याच दिवाळीत साडूच्या बेसमेंटमध्ये पॅरागॉनसमोर पोरांची रांग. रात्री साडेअकराला माझाच मुलगा घरी यायला तयार नव्हता.

आता तुमचा प्रश्न, किंमत. मोठेपणाला किंमत नसते आणि दुर्मीळपणाला लोक समजतात तेवढी नसते. ट्वायलाइट झोन या मशीनचं उदाहरण घ्या. 1993 चं, पॅट लॉलर या डिझायनरने केलेलं, तेही रुंदच. 15,235 मशीन निघाली, म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही. तरी मी हर्क्युलिस घेतलं त्या वर्षी चांगल्या स्थितीतलं ट्वायलाइट झोन माझ्या हर्क्युलिसच्या दुपटीहून जास्त भावाने जात होतं. गंमत म्हणजे त्यातही एक पांढरी गोळी आहे, सिरॅमिकची. पोलादी गोळीपेक्षा हलकी, त्यामुळे ती हातातून निसटते आणि खेळणाऱ्याला घाम फोडते. एकाची पांढरी गोळी झोपवते, दुसऱ्याची जागं ठेवते. भाव त्याचा आहे. बॅलीचं एम्ब्रियॉन 2,250 च निघालं, पॅरागॉन 9,120. एम्ब्रियॉन महाग आहे, पण ते कमी निघालं एवढ्यामुळे नाही. ते कमी निघालं आणि लोकांना खेळायलाही हवंय, म्हणून. खेळायला नको असलेलं दुर्मीळ मशीन म्हणजे फक्त गिऱ्हाईकही दुर्मीळ.

बाकी पाहायचं ते नेहमीचंच. फळीवरचा रंग बंपरभोवती (गोळीला उडवणाऱ्या गोल खांबांभोवती) आणि फ्लिपरसमोर घासून लाकूड दिसतंय का, बोर्ड मूळचे की बदललेले, पूर्वी कोणी वायरिंगमध्ये स्वतःची अक्कल चालवलीय का, कॅबिनेटचा रंग एका बाजूला उन्हाने उडालाय का. चालू करून अर्धा तास खेळा. पाच मिनिटं सगळीच मशीन चालतात. गरम झाल्यावर कोण रुसतं ते बघायचं असतं. अटारीच्या मशीनला तर तासभर द्या. आणि विक्रेता ‘किरकोळ काम आहे, एक फ्यूज असेल’ म्हणाला तर त्याला सांगा, बदल की मग, मी थांबतो.

हर्क्युलिसच्या किमतीतून मात्र आणखी दोन गोष्टी वजा करायच्या असतात, मशीन जिथे आहे तिथून ते हलवायचा खर्च आणि जिथे नेणार तिथली जागा. बोलिंग सेंटरची इमारत रिकामी करायची तारीख ठरलेली असेल तर मालकाला ते मशीन बाहेर काढायची घाई तुमच्यापेक्षा जास्त आहे. 6,000 हा त्याचा भाव आहे, मशीनचा नाही. शेवटच्या आठवड्यात जा. मी पहिल्याच दिवशी गेलो होतो, हावरटासारखा.

2018 मध्ये मी ते विकलं. मिशिगनमधल्या एका पिझ्झावाल्याला, 3,000 ला. त्याच्याकडे दुकानाला मोठं शटर होतं आणि येणाऱ्याने फोटो काढावा एवढीच त्याची अपेक्षा होती. हर्क्युलिससाठी याहून योग्य घर नाही, हे मी मनापासून म्हणतोय. 600 डॉलर फायदा झाला म्हणून मी त्या आठवड्यात साडूला जेवायला बोलावलं.

त्याने पेपर नॅपकिनवर हिशेब केला. 600 मधून ट्रकचे 310 गेले, भागांचे 740 गेले, म्हणजे साडेचारशेचा तोटा. मग गराजचं भाडं. जवळच्या स्टोरेजचा दर महिना 60, अठ्ठेचाळीस महिने, 2,880. एकूण तोटा 3,330. नॅपकिन त्याने माझ्यासमोर सरकवला आणि बासुंदी मागितली.

हे भाडं मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. गराज माझं, मी ते कोणाला भाड्याने देणार नव्हतो, मग ते भाडं आलं कुठून? तसं असेल तर त्याच्या बेसमेंटातल्या होम थिएटरचं भाडं कुठल्या खात्यावर टाकतो तो? त्यात गेल्या तीन वर्षांत कोणी सिनेमा पाहिलेला नाही, सगळे बाजूला पॅरागॉन खेळत असतात. माझ्या पॅरागॉनवर. हौसेला मोल नसतं असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. पण तुम्ही गुंतवणूक म्हणून विचारलंय, तर तुम्ही मात्र भाडं धरा.

माझे आकडे जुने आहेत हे लक्षात ठेवा. 2020 नंतर, लोक घरात अडकले तेव्हापासून, पिनबॉलचे भाव एकूणच बरेच चढले, त्यामुळे माझे 2,400 दाखवून तुमच्या मालकाशी भांडू नका. तुमच्याकडे गरम राहणारी, सपाट जमिनीची, मोठ्या दाराची जागा असेल तर माझं अर्धं रडगाणं तुम्हाला लागू नाही. आणि लहान मुलं असतील तर त्यांना तो संथ चेंडू आवडूही शकेल, माझी तोवर मोठी झाली होती. बसल्या बसल्या हेही सांगतो, पुढे कधी पुण्याला घेऊन जायचा विचार असेल तर विसरा. विजेचा दाब तिकडे दुप्पट, त्याला ट्रान्सफॉर्मरने भागतं, पण पावणेआठ फुटी खोका फ्लॅटच्या लिफ्टमध्ये घालणारा ट्रान्सफॉर्मर निघालेला नाही.

त्याच पैशात नीट झालेलं नेहमीच्या मापाचं एक मशीन येईल, किंवा रुंदच हवं तर पॅरागॉन शोधा. मी स्वतः शोधतोय, कारण साडू देत नाही. यंदा दिवाळीला मी 2,500 म्हणालो. तो म्हणाला, ‘एवढ्या वर्षांचं भाडं धरून?’

घ्यायचं ठरवलंच असेल तर आधी तीन गोष्टी पाठवा. आतल्या बोर्डांचे जवळून काढलेले फोटो, फळीचा वरून काढलेला फोटो, आणि तुमच्या दाराची रुंदी चौकटीच्या आतल्या बाजूने. मग आकड्याचं बोलू.