जंगलाचा अभ्यास की संगणक? एका पालकांच्या पत्राला उत्तर

आपले पत्र मिळाले. बारावी शास्त्र शाखेत शिकणाऱ्या आपल्या कन्येला जगभरातील जंगलतोडीवर काम करावयाचे आहे, आपला आग्रह मात्र संगणक अभियांत्रिकीचा आहे. ‘फॉरेस्ट खात्यात नोकरी लागली नाही तर पुढे काय?’ हा आपला प्रश्नही रास्त आहे.

आधी विषयाचा आवाका पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2020 च्या अहवालानुसार 1990 पासून सुमारे 42 कोटी हेक्टर जंगल तोडले गेले. उरलेल्या जंगलाचीही शकले होत आहेत. 2015 मधील एका जागतिक अभ्यासात असे दिसले की, उरलेल्या जंगलाचा सुमारे 70 टक्के भाग कडेपासून एक किलोमीटरच्या आत येतो. कडेला ऊन आणि वारा आत शिरतो, जमीन कोरडी पडते आणि मोठे वृक्ष अधिक प्रमाणात मरतात. ब्राझीलमधील मानाउसजवळ 1979 पासून एक, दहा आणि शंभर हेक्टरांच्या तुकड्यांचा अभ्यास चालू आहे. तेथे शंभर हेक्टरांच्या तुकड्यांतूनही झाडोऱ्याच्या खालच्या थरातील पक्ष्यांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत नाहीशा झाल्या.

ही मोजणी आता मुख्यतः उपग्रहचित्रांवरून होते, म्हणजे संगणक तर तेथे लागतोच. पण भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टरपेक्षा मोठ्या आणि किमान दहा टक्के वृक्षछत्र असलेल्या जमिनीला वनाच्छादन म्हणते, मग ती रबराची लागवड असो वा सह्याद्रीतले सदाहरित रान. नकाशावरचा हिरवा ठिपका राधानगरीच्या गव्याच्या उपयोगाचा आहे की नाही, हे झाडे ओळखणारा माणूसच सांगू शकतो. वनस्पतिशास्त्र आणि संख्याशास्त्र दोन्ही जाणणारी माणसे थोडी आहेत, आणि माझ्या मते आपल्या कन्येने नेमकी तीच जागा धरावी.

त्यासाठी तिने गणित सोडू नये, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. आपल्या कोल्हापुरातच वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करता येईल, किंवा दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयात चार वर्षांची पदवी घेता येईल. पुढे देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन (उपग्रहचित्रांवरून अभ्यास करण्याचे शास्त्र) संस्था व भारतीय वन्यजीव संस्था आहेत. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, संख्याशास्त्र यांचे पदवीधर चालतात, तसे अभियंतेही चालतात. तेव्हा आपला आग्रह कायम राहिला, तरी तिची वाट बंद होत नाही.

पगाराबाबत आडपडदा ठेवत नाही. सुरुवातीची काही वर्षे प्रकल्पावरची, मुदतीची कामे मिळतात आणि त्यांचे मानधन सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा बरेच कमी असते. घरची परिस्थिती तेवढी कळ सोसू शकते का, हे आपणच ठरवावे. दरम्यान परीक्षेनंतरच्या सुट्टीत तिने क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचे मोफत सॉफ्टवेअर शिकावे आणि राधानगरी ते चांदोली या पट्ट्यातील रानाचे तुकडे उपग्रहचित्रावर आखून पाहावेत. त्यात तिचे मन किती रमते, ते पाहून प्रवेशाचे अर्ज भरावेत.