वाचकांचे प्रश्न: एमजीबी, पहाटेची थंडी आणि पसरणीचा घाट

प्रश्न: माझी १९६५ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आहे. डिसेंबरात पहाटे पाचला साताऱ्याहून निघून वाईमार्गे महाबळेश्वर गाठायचं आहे. गार इंजिन दहा-बारा स्टार्टर खातं. अ‍ॅक्सिलरेटर चार-पाचदा मारूनही उपयोग नाही. प्लग नवे आहेत.
– एक वाचक, सातारा

उत्तर: अ‍ॅक्सिलरेटर मारून काही होणारच नाही. या गाडीच्या एसयू कार्बोरेटरला अ‍ॅक्सिलरेटर पंप नसतो, त्यामुळे पेट्रोलची पिचकारी उडत नाही, नुसती झडप उघडते-मिटते. गार इंजिनाला जादा पेट्रोल मिळतं ते फक्त चोकनं. नॉब ओढला की जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) खाली सरकतो आणि त्यातल्या सुईभोवतीची फट वाढते. या गाडीला कार्बोरेटर दोन, म्हणून जेटही दोन. बॉनेट उघडा, कुणाला तरी नॉब ओढायला बसवा आणि दोन्ही जेटकडे बघा. पुष्कळदा एकच खाली येतो, दुसऱ्याची लिंक ढिली असते. नॉबच्या सुरुवातीच्या ओढीत नुसतं आयडलिंग वाढतं, जेट हलत नाही. तो दोष नव्हे.

मग प्रत्येक कार्बोरेटरच्या डोक्यावरची टोपी काढा. आतल्या दांड्याला २० ग्रेडचं तेल लागतं. टोपी परत दाबताना आट्यांपासून साधारण ६ मिमी अंतरावर हाताला अडथळा जाणवला पाहिजे. नाही जाणवला तर तेल कमी आहे, आणि घाटात अ‍ॅक्सिलरेटर देताच गाडी दम खाईल.

आता बॅटरी, कारण खरी गोम बहुतेक तिथेच असते. सीटमागच्या झाकणाखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर दोन्ही मिळून १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. दोघींना जोडणारी केबल खालून धूळ-पाणी खात गंजते. स्टार्टर मारताना तिच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर केबल बदला, बॅटऱ्या नव्हे.

एक धोक्याची गोष्ट: तुमच्या गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचा मायनस नव्हे, प्लस बॉडीला जोडलेला असतो. वाटेत कुणी जंप स्टार्ट द्यायला आलं तर प्लसला प्लस, मायनसला मायनस लावा, पण दोन्ही गाड्यांचे पत्रे एकमेकांना टेकू देऊ नका. कुणी सवयीनं मायनस बॉडीला लावला तर शॉर्ट होईल. शिवाय या मॉडेलला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. तो आयडलिंगला जवळजवळ चार्ज करत नाही. पसरणी घाटात बसमागे अडकलात आणि हेडलाइट, वायपर, हीटरचा पंखा असं सगळं चालू असेल तर बॅटरी बसू लागते. पंखा आधी बंद करा.

थंडीची भीती पहाटेपुरतीच. दुपारी ऊन तापतं. पाचगणीला चढून गाडी चहासाठी उभी केली की बंद इंजिनाची धग कार्बोरेटरला लागते आणि फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल उकळतं. अशा वेळी चोक ओढू नका. पेडल एक तृतीयांश दाबून धरा आणि स्टार्टर मारा. मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेले पाइप) आणि कार्बोरेटरमधला उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे ना, हे आधीच पाहून ठेवा. जुन्या गाड्यांतून तो हरवलेला सापडतो.

प्रश्न: ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे कार्बोरेटरचं सेटिंग बदलावं का? आणि महाबळेश्वरला अँटीफ्रीझ लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: इथेनॉलमुळे मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं; उलट झालं तर रिच. गरम इंजिनावर कार्बोरेटरची उचलपिन वर ढकलून त्याच्या आतला पिस्टन जेमतेम १ मिमी उचला. वेग वाढून टिकला तर रिच, इंजिन बंद पडायला लागलं तर लीन, क्षणभर वाढून परत जागी आला तर बरोबर. लीन असल्यास जेटचं नट खालच्या दिशेला फिरवा, एका वेळी षटकोनाची एकच बाजू, आणि दोन्ही कार्बोरेटरना सारखंच. घाट चढल्यावर हवा विरळ होऊन मिश्रण रिच होतं, म्हणून जास्त पुढे जाऊ नका. मूळ रबरी पाइप मात्र इथेनॉलला तग धरत नाहीत. बोटांनी दाबून मऊ, चिकट लागले तर निघायच्या आधी इथेनॉलला चालणारे बसवा.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी क्वचित दव गोठतं, पण कूलंट (अँटीफ्रीझ) घालायचं ते गंज टाळायला. सिस्टिममध्ये साधारण साडेपाच लिटर मावतं. त्यात पावणेदोन लिटर कूलंट, बाकी डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी नकोच. भरताना हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, नाहीतर हवा अडकते.

प्रश्न: महाबळेश्वरहून परतताना आंबेनळी घाटातून पोलादपूरला उतरायचा विचार आहे. ब्रेक तग धरतील?
– वाचक, कराड

उत्तर: जुन्या एमजीबीचे ब्रेक एकाच सर्किटवर चालतात. एक होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) फुटली तर चारही चाकांचे ब्रेक गेले, उरतो मागच्या ड्रमचा हँडब्रेक. होज वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर बदला. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर ते काढून नवं डॉट ४ ग्रेडचं भरा. जुन्यात मुरलेलं पाणी उतारावर उकळतं आणि पेडल तळाला जातं. ओव्हरड्राइव्ह (सपाट रस्त्यावर इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर) असेल तर बंद ठेवा, तिसरा किंवा दुसरा गिअर टाका आणि ब्रेक धरून ठेवण्यापेक्षा वळणाआधी एकदा जोरात लावून सोडा.

अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. गळीत हंगामात कराड-सांगली पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या मागच्या लाइटशिवाय चालतात, आणि तुमच्या जुन्या हेडलाइटला त्या फार जवळ आल्यावरच दिसतात.