गोवा ते मादागास्कर भागिले 8.8 कोटी वर्षे: उत्तर जुळले, पण कशाशी?

प्रश्न थोडक्यात असा. बारावीच्या प्रकल्पासाठी गोव्यापासून मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे 4,500 किमी धरले. दोन्ही भूभाग 8.8 कोटी वर्षांपूर्वी अलग झाले म्हणून त्याला तेवढ्याने भागले आणि वर्षाला 5.1 सेंमी आले. जीपीएसप्रमाणे दक्षिण भारत वर्षाला साडेपाच सेंमीच्या आसपास सरकतो. म्हणजे हिशेब बरोबर ना? मग पुस्तकात भारताचा वेग 15 सेंमीच्या वर आणि कार्ल्सबर्ग रिजचा (अरबी समुद्राच्या तळाची डोंगररांग, जिथे तळ फाटून नवा तयार होतो) 2 ते 3 सेंमी कसा?

भागाकार बरोबर आहे. जीपीएसशी जुळणे हा योगायोग आहे, आणि प्रकल्पात तो पुरावा म्हणून दाखवलात तर परीक्षक तिथेच पकडतील.

वेग कोणाच्या सापेक्ष मोजला, हे आधी ठरवा. जीपीएसचा साडेपाच सेंमी हा आकडा सगळ्या भूपट्टांची सरासरी हालचाल शून्य धरून काढलेला असतो. त्याच चौकटीत पूर्व आफ्रिकेकडचा सोमालिया भूपट्टही ईशान्येलाच, वर्षाला सुमारे 3 सेंमी सरकतो. पणजीहून मडगावकडे दोन कदंब बसेस निघाल्या, पुढची 55 च्या वेगाने आणि मागची 30 च्या, तर त्यांच्यातले अंतर तासाला 25 किमीनेच वाढेल. कार्ल्सबर्ग रिजवर नेमके हेच मोजले जाते: दोन भूपट्टांमधली वाढती फट. ती आज वर्षाला सुमारे 2.2 ते 3.2 सेंमी आहे, वायव्य टोकाला कमी आणि आग्नेयेला जास्त. गोलावर भूपट्ट एका ध्रुवाभोवती फिरतात, त्या ध्रुवापासून (90 अंशांपर्यंत) जितके दूर तितका वेग जास्त, म्हणून एकाच रिजवर एकच आकडा मिळत नाही. युरेशियाच्या सापेक्ष भारताचा वेग पुन्हा वेगळा, 3.5 ते 4 सेंमी. सगळे आकडे खरे आहेत.

तुमचा 5.1 हा तर काळाचीही सरासरी आहे, आणि त्या 8.8 कोटी वर्षांत बरेच काही बदलले. सुरुवातीला सागरतळ मादागास्कर आणि भारत–सेशेल्स यांच्यामध्ये, म्हणजे आजच्या मास्करीन खोऱ्यात, फाटत होता. सुमारे 6.3 कोटी वर्षांपूर्वी फाटण्याची जागा उत्तरेला उडी मारून भारत आणि सेशेल्स यांच्यामध्ये आली. हे घडले दक्खनचे लाव्हा ओतले गेल्यानंतर थोड्याच काळाने. कार्ल्सबर्ग रिज ही त्या नव्या फाटीची वारसदार. मास्करीन खोऱ्यातली जुनी रिज मेली. याच सुमारास भारताचा वेग 15 सेंमीच्या वर गेला होता; आशियाशी टक्कर सुरू झाल्यावर, 5 कोटी वर्षांच्या आसपास, तो झपाट्याने उतरला. म्हणजे 5.1 हा वेग भारताने काही काळ ओलांडला, काही काळ गाठलाच नाही.

अंतरातही गडबड आहे. गोव्याचा किनारा म्हणजे भूपट्टाची कड नव्हे. मिरामारच्या वाळूपासून पुढे शंभरएक किलोमीटर उथळ खंडमंच आहे, तो खंडाचाच बुडालेला भाग. वाटेत मास्करीन पठार येते, आणि त्याच्या सेशेल्सकडच्या भागात सुमारे 75 कोटी वर्षांचा ग्रॅनाइट आहे. तोही सागरतळ नव्हे. किनारा ते किनारा अंतर धरले की हे सगळे ‘नव्याने तयार झालेला तळ’ म्हणून मोजले जाते.

प्रकल्पाला खरा दम हवा असेल तर वेग चुंबकीय पट्ट्यांवरून काढा. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटते, आणि रिजवर तयार होणाऱ्या खडकात त्या वेळची दिशा गोठते, म्हणून रिजच्या दोन्ही बाजूंना सरळ आणि उलट चुंबकत्वाचे पट्टे तयार होतात. हे आपल्याच समुद्राचे प्रकरण आहे. 1962 मध्ये ब्रिटिश जहाज एचएमएस ओवेनने कार्ल्सबर्ग रिजवर चुंबकीय मोजणी केली आणि त्या नोंदींच्या आधारे फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी 1963 मध्ये पट्ट्यांचा अर्थ लावला. व्हेगेनरने 1912 मध्ये खंडवहन मांडले तेव्हा नव्हता तो दुवा इथे मिळाला. ज्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात हे घडले, तिच्यातूनच दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 मध्ये उभी राहिली. (रिजचे नाव बिअरवरूनच आहे. 1928–30 च्या डॅनिश ‘डाना’ सफरीला कार्ल्सबर्गच्या प्रतिष्ठानाचा पैसा होता.)

रिजला आडवी छेदणारी एक चुंबकीय नोंद घ्या; जहाजांच्या जुन्या नोंदी अमेरिकेच्या नोआ या सागर-हवामान संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर विसंगती, म्हणजे मोजलेले क्षेत्र अपेक्षेपेक्षा किती कमीजास्त, नॅनोटेस्लामध्ये. त्याच रेषेवरची खोली जेब्कोच्या सागरतळाच्या नकाशातून क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढून खाली जोडा, म्हणजे रिजच्या माथ्यावरची मधली दरी कुठे आहे ते कळेल.

इथे पहिला फटका बसतो. रिजच्या अक्षावर (तळ फाटतो त्या मधल्या रेषेवर) आजच्याच दिशेचे, म्हणजे सरळ, चुंबकत्व असते, म्हणून सगळे तिथे वर गेलेले शिखर शोधतात. कार्ल्सबर्ग रिज चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. तिथे पृथ्वीचे क्षेत्र जवळजवळ आडवे असते आणि सरळ चुंबकत्वाच्या खडकावर विसंगती उणे येते. अक्षावर खड्डा दिसला तर नोंद उलटी समजून चिन्ह बदलू नका.

दुसरे, कुठला पट्टा धरायचा. शेवटचा ध्रुवबदल, म्हणजे चुंबकीय क्षेत्र उलटणे, 7.8 लाख वर्षांपूर्वीचा. एकूण वेग 2.4 सेंमी धरला तर मधला पट्टा सुमारे 19 किमी रुंद येतो, पण मधल्या दरीच्या उंचसखल तळामुळे त्याच्या कडा धूसर असतात. 10 लाख वर्षांच्या आसपासचा सरळ चुंबकत्वाचा छोटा जारामिलो काळ तर विसराच. तो 80 हजार वर्षांचा, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम 1 किमीचा पट्टा. तीनचार किलोमीटर पाण्याच्या वरून तो वेगळा दिसत नाही. 25.8 लाख ते 36 लाख वर्षांपूर्वी तयार झालेला पट्टा घ्या. तो प्रत्येक बाजूला 12 किमीच्या आसपास रुंद असतो आणि ओळखू येतो.

उदाहरण म्हणून, दोन्ही बाजूंच्या या पट्ट्यांच्या आतल्या कडांमधले अंतर जहाजाच्या मार्गावर 72 किमी भरले आणि मार्ग विस्ताराच्या दिशेशी 30 अंशांचा कोन करतो असे समजा. 72 ला कोसाइन 30 ने, म्हणजे 0.866 ने गुणा: 62.4 किमी. भागिले 25.8 लाख वर्षे, वर्षाला 2.4 सेंमी. कोन विसरलात तर 2.8 येईल, आणि तोही पटण्याजोगा दिसतो, म्हणूनच ही चूक निसटते. हा एकूण वेग झाला. एका बाजूचा 1.2. संदर्भग्रंथांत दोन्ही प्रकारचे आकडे असतात, तेव्हा तुलनेआधी कोणता आहे ते पाहा. मिलियन म्हणजे 10 लाख, कोटी नव्हे, हेही एकदा तपासा. दहा लाख वर्षांत 10 किमी म्हणजे वर्षाला 1 सेंमी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते.

खोलीवरून वय काढण्याचे सूत्र (2,500 मीटर अधिक वय दशलक्षांत घेऊन त्याच्या वर्गमुळाची 350 पट) मोहक आहे, पण ते रिजच्या जवळच वापरा. गोव्याकडे येताना सिंधू नदीने आणलेला गाळ तळावर कित्येक किलोमीटर जाड साचलेला आहे. तो वजा न करता खोली घातली तर तळ आहे त्याहून फार तरुण निघतो.

गोव्यातला पुरावा जोडायचा असेल तर किनाऱ्यालगतच्या काळ्या डोलेराइटच्या डाइक (भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती) घ्या. जुन्या खडकांना चिरत वर आलेल्या या डाइकांपैकी काहींचे वय सुमारे 6.28 कोटी वर्षे निघाले आहे, म्हणजे सेशेल्स सुटण्याच्या सुमाराचे. मादागास्कर सुटतानाच्या खुणा हव्या असतील तर त्या खाली उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर आहेत. तिथला ज्वालामुखी खडक 8.5 ते 9 कोटी वर्षांचा. तुमचा 5.1 खोडू नका. ‘मादागास्करच्या सापेक्ष, 8.8 कोटी वर्षांची सरासरी’ असे त्याच्यापुढे लिहा आणि पट्ट्यांवरून तुमचा जो वेग निघेल तो शेजारच्या रकान्यात ठेवा.